इंगोले बाई आणि खोटी ओळ

चंदिगडात अर्ज लिहिणारे पुष्कळ आहेत. अर्ज जाणणारे थोडे. हे विधान आत्मप्रौढीचे वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या व्यक्तीविषयी मी लिहावयास बसलो आहे तिने माझ्या अर्जांतील जितके शब्द खोडले तितके आजवर कोणत्याही हाकिमाने खोडलेले नाहीत, आणि खोडले ते कोणाचे हे वाचकांस आधी ठाऊक असलेले बरे.

सेक्टर सतरामधील एका सरकारी कचेरीच्या भिंतीलगत, पिलखणीच्या झाडाखाली, माझे टेबल आहे. माझे वडील सांगली जिल्ह्यातून केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात शिपाई म्हणून इकडे बदलून आले आणि निवृत्तीनंतर येथेच राहिले. माझे शिक्षण दहावीच्या परीक्षेच्या दालनापर्यंत झाले. पुढचे सारे कचेरीच्या फाटकाबाहेर. पंजाबी पक्षकार मला ‘मुंशी जी’ म्हणतात. इंगोले बाई मला ‘कदमभाऊ’ म्हणत. या शहरात मला भाऊ म्हणणाऱ्या त्या एकट्याच होत्या, आणि भाऊ म्हणून झाल्यावर त्या जे काही बोलत ते ऐकता, त्यांनी मुंशी जी म्हटले असते तरी चालले असते.

बाई मूळच्या अमरावतीकडच्या. यजमान वायुसेनेत होते. त्यांच्या मागोमाग आल्या, सरकारी शाळेत गणित शिकवू लागल्या. यजमान गेले, नोकरी राहिली. झिरकपूरच्या एका सदनिकेत एकट्या राहत आणि रोज सकाळी हेल्मेट घालून, स्कूटरवरून, त्या गावच्या सुप्रसिद्ध वाहनकोंडीतून वाट काढत शाळेत येत. कोंडीत थांबल्यावर त्या शेजारच्या गाडीच्या नंबरप्लेटीवरील अंकांचे अवयव पाडीत. हे त्यांनीच मला सांगितले, आणि वर विचारले, “तुम्ही काय करता, कोंडीत?” मी म्हटले, हॉर्न वाजवतो. त्या म्हणाल्या, “म्हणजे तिथंबी तुम्ही अर्जच करून राहिले. वाचते कोण?”

आमची पहिली भेट पाण्याच्या अर्जावरून झाली. शाळेतील थंड पाण्याचे यंत्र बंद पडले होते. मुख्याध्यापक, ज्यांना तेथे सारे प्रिन्सिपल साहेब म्हणतात, ते वर लिहिण्यास तयार नव्हते, कारण वर लिहिले की यंत्र बंद पडल्याचे सिद्ध होते. तेव्हा बाई स्वतःच्या नावाने अर्ज द्यावयास निघाल्या. मी माझ्या रीतीप्रमाणे ‘सविनय, विनम्र, करबद्ध प्रार्थना’ अशी सुरुवात केली. त्यांनी माझ्याच टेबलावरील पेन उचलून तिन्ही शब्द खोडले.

“हे कायले पाहिजे?”

“बाई, ही अर्जाची शोभा असते.”

“भाऊ, पाणी मागून राहिलो आपण. मोक्ष नाही.”

शेवटी अर्ज पाच ओळींचा झाला. मला तो वस्त्रहीन वाटत होता. सूड म्हणून म्हणा, मी त्यांना माझ्या व्यवसायाचे मर्म सांगितले: शब्द तुम्ही हवे तितके खोडा, अर्ज म्हणजे शब्द नव्हेत, अर्ज म्हणजे डायरी नंबर. आवक बारनिशीत नोंद होऊन कागदावर शिक्का उमटला की त्या कागदास उत्तर देणे कोणावर तरी बंधनकारक होते. शिक्का नसेल तर तुम्ही बोललातच नाही. बाईंनी ते एखाद्या प्रमेयासारखे लक्षपूर्वक ऐकले. पुढे महिनाभरात पाणी थंड झाले.

त्यानंतर त्या अधूनमधून येत. कधी कोणा विद्यार्थिनीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, कधी जन्मतारखेची दुरुस्ती. चहा स्वतःच्या स्टीलच्या पेल्यात पीत आणि वह्या माझ्या टेबलावर तपासत. उत्तर चुकले म्हणून त्यांनी कधी संपूर्ण गणितावर फुली मारलेली मी पाहिली नाही. ज्या पायरीवर घसरले त्या एका ओळीभोवती त्या तांबडे वर्तुळ काढत. “फुली मारणं सोपं हाय,” त्या म्हणत. “कोणती ओळ खोटी ते दाखवता आलं पाहिजे. नाही तं आपल्यालेच गणित येत नाही.” ही सवय गणितापुरती राहिली असती तर बाई आजही त्याच शाळेत असत्या.

त्या शाळेत सकाळच्या प्रार्थनेनंतर एका मुलीने पुढे येऊन ‘आजचा विचार’ सांगावयाचा असतो. विचार पुस्तकातून उतरवून आणतात. वेळ अमूल्य आहे, परिश्रमाला पर्याय नाही, इत्यादी. बाईंकडे या उपक्रमाचा भार आला तेव्हा त्यांनी मुलींना सांगितले की विचार आपला आपण करून आणा. चार दिवस काही झाले नाही. करायची सवय नव्हती. पाचव्या दिवशी नववीतील एक मुलगी माइकवर म्हणाली, “घंटी बजने से पहले हम आ जाते हैं. टीचर भी आ जाएँ तो अच्छा लगेगा.”

त्याच दुपारी कार्यालयातून एक जाडजूड रजिस्टर निघाले. त्यावर ‘विचार स्वीकृती रजिस्टर’ असे सुवाच्य अक्षरात लिहिले होते. विचार दोन दिवस आधी लेखी सादर करावयाचा, वर्गशिक्षकांनी शिफारस करावयाची, प्रिन्सिपल साहेबांनी सही करावयाची, मग तो विचार समजावयाचा. रजिस्टर ही वस्तू मला स्वभावतः प्रिय आहे. त्यामुळे मी त्या व्यवस्थेची स्तुती केली. बाई म्हणाल्या, “व्यवस्था चांगली हाय. फक्त साहेब सुट्टीवर गेले की शाळेले विचार नाही.”

आणि तसेच घडले. साहेब तीन दिवस रजेवर गेले. रजिस्टर कपाटात राहिले. पहिल्या दिवशी ज्या मुलीची पाळी होती ती माइकपुढे आली, दोन्ही हात बाजूस ताठ ठेवले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “आज का विचार मंजूरी के लिए गया हुआ है. जय हिंद.” दुसऱ्या दिवशी दुसरीने तेच सांगितले. तिसऱ्या दिवशी सर्व शाळेने एका सुरात सांगितले. साहेब परतल्यावर चौकशी झाली. बाईंनी उत्तर दिले की यात कोणती ओळ खोटी आहे ते कृपया दाखवावे. साहेबांनी रजिस्टर उलटसुलट पाहिले. विचार खरोखरच मंजुरीसाठी गेलेला होता.

ज्या प्रकरणामुळे मी हे लिहितो आहे ते यानंतरचे. शाळेत भाषणस्पर्धा झाली. विषय होता ‘अभिव्यक्ति की आज़ादी’. भाषणे शिक्षकांनी लिहिली, साहेबांनी तपासली आणि मुलींनी पाठ केली. बाहेरून पाहुणे आले. बारावीतील राजविंदर, जिला घरी आणि शाळेत सारे रज्जी म्हणत, तिसरी बोलावयास उभी राहिली. तिची आई डेराबस्सीच्या एका औषध कारखान्यात गोळ्यांची पाकिटे भरते. रज्जीने निम्मे भाषण न अडखळता म्हटले. मग ती थांबली. शिक्षकांस वाटले, विसरली. एकीने पुढचे वाक्य पुटपुटूनही दिले. रज्जी म्हणाली:

“नहीं मैडम, याद है. यहाँ तक आप लोगों ने लिखा है. इससे आगे मेरा है. लड़कियों का नया बाथरूम पूरे साल ताले में रहता है. चाबी ऑफिस में है. आज मेहमान आए हैं, तो आज खुला है. जिसको जाना हो, आज चली जाए.”

सांगणारे सांगतात की निम्म्या मुली खरोखरच उठून गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून रज्जीला वर्गात घेतले नाही. लेखी माफीनामा आणल्याखेरीज बोर्डाच्या परीक्षेचा फॉर्म पुढे जाणार नाही, असे सांगण्यात आले. फॉर्मची मुदत महिन्यावर आलेली. माफीनाम्याचा मसुदाही कार्यालयानेच दिला होता, एका ओळीचा: ‘मैंने जो कहा वह झूठ था.’

तो कागद घेऊन मायलेकी माझ्या टेबलाशी आल्या. आईने त्यासाठी कारखान्यातील एक पाळी बुडवली होती. तिने कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, “मुंशी जी, जो लिखवाना है लिखवा लओ. कुड़ी दा साल ना मारया जाए.” मुलीचे वर्ष वाया जाऊ नये, एवढेच तिचे म्हणणे. रज्जी झाडाकडे पाहत उभी होती.

“मैं झूठ पर साइन नहीं करूँगी.”

“तू चुप कर! ज़बान ने ही तां मारया तैनूं.” तोंडानेच तुझा घात केला, असे आई म्हणत होती.

तेवढ्यात इंगोले बाई स्कूटर लावून आल्या. माझी समजूत होती की त्या मुलीची बाजू घेऊन मोठे भाषण करतील. तत्त्वनिष्ठ माणसे माझ्या टेबलाशी तेच करतात. बाईंनी आधी रज्जीच्या आईला माझी खुर्ची दिली. मग रज्जीला म्हणाल्या, “देख, साल तेरा है. मेरे उसूल के लिए तेरा साल नहीं जाएगा. साइन करेगी तो भी मैं तुझे पढ़ाऊँगी, नहीं करेगी तो भी.”

“मैडम, ताला था कि नहीं था?”

“था.”

“फिर?”

बाईंनी कागद माझ्याकडे सरकवला. तेव्हा माझ्यातील जाणकार जागा झाला. मी तो एक ओळीचा मसुदा हातात घेतला आणि स्पष्ट सांगितले की हा कागद कायद्याने निरर्थक आहे. ‘जो कहा’ म्हणजे काय कहा? कोणत्या दिवशी? कोठे? कोणासमक्ष? अपराधाचे कथन नसेल तर क्षमा कशाची? असला माफीनामा मी माझ्या टेबलावरून जाऊ देणार नाही. बाईंनी माझ्याकडे, वहीत अनपेक्षितपणे बरोबर आलेले उत्तर पाहावे तसे पाहिले.

“मग कसा असावा लागते, भाऊ?”

मी लिहून दाखवला. मूळ हिंदीत आहे. येथे मराठी करून देतो. परिच्छेद एक: प्रार्थिनीने अमुक दिवशी, अमुक समारंभात, पाहुण्यांसमक्ष असे कथन केले की, विद्यार्थिनींचे नवीन शौचालय वर्षभर कुलूपबंद असते. परिच्छेद दोन: त्याची किल्ली कार्यालयात असते. परिच्छेद तीन: पाहुणे येतात त्या दिवशी ते उघडण्यात येते. परिच्छेद चार: सदर कथन पूर्वपरवानगीशिवाय केल्याबद्दल प्रार्थिनी खेद व्यक्त करते व क्षमा मागते. बाईंनी वाचले. या वेळी ‘सविनय’ही खोडले नाही. रज्जीने दोनदा वाचले आणि सही केली. तिची आई म्हणाली, “माफ़ी तां लिखी है ना?” लिहिली होती, चौथ्या परिच्छेदात.

तळाशी मी नेहमीप्रमाणे ‘प्रतिलिपि सूचनार्थ’ असे घातले. बाईंनी हळूच विचारले, “प्रती किती पाठवता तुम्ही?”

“नियमाप्रमाणे पाच. शाळा, जिल्हा शिक्षण कार्यालय, अभियांत्रिकी शाखा, आरोग्य विभाग, आणि एक बोर्डाकडे.”

“नियम नका मोडू भाऊ,” बाई म्हणाल्या.

मी मोडला नाही. पंचवीस वर्षांत मोडलेला नाही. रज्जीच्या आईने दुपारपर्यंत पाचही ठिकाणी प्रती देऊन शिक्के आणले. या प्रकरणात माझा काही कावा होता असे नंतर बोलले गेले. ते सर्वथा असत्य आहे. मी फक्त शुद्ध लिहिले.

परिणाम मात्र व्हायचा तो झाला. कागदास नंबर पडले, नंबरास उत्तर देणे आले. अभियांत्रिकी शाखेने विचारले की जे शौचालय वापरात असल्याचा दाखला आमच्याकडे आहे ते कुलूपबंद कसे? आरोग्य विभागाने तोच प्रश्न अधिक दुर्गंधीयुक्त भाषेत विचारला. साहेबांनी लेखी खुलासा केला की शौचालय स्वच्छ राहावे म्हणून ते बंद ठेवले जाते. हा खुलासा मी स्वतः वाचला आहे. एवढ्या वर्षांत याहून निर्दोष वाक्य मी लिहू शकलेलो नाही.

जिल्हा कार्यालयात बोलावणे आले. बाईंनी मला कागदांसाठी सोबत नेले. मी भिंतीशी उभा राहिलो. साहेब म्हणाले, मुलीने शाळेची बदनामी केली. बाईंनी माफीनाम्याची प्रत टेबलावर ठेवली, पिशवीतून तांबडे पेन काढून त्यांच्यापुढे धरले आणि म्हणाल्या, “सर, जो लाइन झूठी है, उस पर गोला लगा दीजिए.”

साहेबांनी पेन घेतले नाही. जिल्हा शिक्षण अधिकारी वयस्क होते, निवृत्तीस थोडे दिवस राहिलेले. त्यांनी साहेबांना बाहेर बसावयास सांगितले आणि मग बाईंशी असे बोलले की जणू नातलगाच्या घरी लग्न जुळवीत आहेत.

“मैडम जी, बच्ची का फॉर्म कल चला जाएगा. ताला आज खुल जाएगा. पक्का. पर आपको और प्रिन्सिपल साहब को एक स्कूल में रखूँगा तो रोज़ एक फ़ाइल बनेगी. आप ख़ुद ट्रांसफर माँग लो. घरेलू कारण लिख दो. बात यहीं ख़त्म.”

“और न लिखूँ तो?”

“तो इंक्वायरी होगी. इंक्वायरी में टाइम लगता है. फॉर्म की तारीख़ तो आपको पता ही है.”

बाईंनी तांबडे पेन पिशवीत परत टाकले. मग मला म्हणाल्या, “भाऊ, कागद आहे?”

मी तेथेच, अधिकाऱ्यांच्याच टेबलाच्या कोपऱ्यावर, अर्ज लिहिला: घरगुती कारणास्तव स्वेच्छेने बदली मिळावी. लिहून झाल्यावर मी पेन बाईंकडे दिले, कारण त्या काही तरी खोडणारच. त्यांनी खोडले काही नाही. ‘घरगुती’ या शब्दावर त्यांचे बोट थोडे थांबले.

“बाई, आपण म्हणाल तर दुसरे कारण लिहू.”

“राहू द्या. जे लिहिलं ते बरोबर नाही, हे मले माहीत आहे. तुमाले माहीत आहे. तिच्या फॉर्मापायी लिहिलं, हे रज्जीले माहीत नसलं म्हणजे झालं.”

सही केली. दुसऱ्या दिवशी फॉर्म गेला. कुलूप निघाले, किल्ली कार्यालयातच राहिली, पण तिला लावण्यास काही उरले नाही.

बाईंची बदली शहराच्या कडेवरील एका शाळेत झाली. कार्यमुक्त होताना वर्गातील सामानाची यादी द्यावी लागते. ती मी लिहून, सहीसाठी घेऊन गेलो. शेवटचा तास चालला होता. मी दाराशी थांबलो. फळ्यावर समीकरण अर्धे सोडवलेले होते आणि कोणी ते पाहत नव्हते. सूचनाफलकावर बदलीचा आदेश सकाळीच लागला होता, कारणासह.

रज्जी उभी होती.

“मैडम, कौन सा घरेलू कारण? आप तो अकेली रहती हो.”

बाई खडू घेऊन फळ्यापाशीच उभ्या राहिल्या.

“प्रिन्सिपल सर ने कहा और आपने लिख दिया? हमको बोलती थीं डरना नहीं. आप एक चिट्ठी नहीं लिख सकीं? एक? मुंशी जी तो आपके दोस्त हैं.”

मागून कोणी तरी म्हणाले, “छोड़ ना रज्जी, रो देंगी.” रज्जी थांबली नाही. तिचा आवाज फाटला होता, पण वाक्ये पूर्ण होती.

मला एक वाक्य ठाऊक होते. ते उच्चारले असते तर त्या मुलीचे तोंड तत्क्षणी बंद झाले असते. मी घसाही खाकरला. बाईंनी माझ्याकडे न पाहताच हाताने मला थांबवले. मग खडू खाली ठेवला, पहिल्या बाकावरील मुलींना सरकावयास सांगितले आणि त्यांच्यात दाटीवाटीने, मुलीसारख्या, बसल्या, तोंड रज्जीकडे.

“आप डर गईं मैडम,” रज्जी म्हणाली.

“हाँ,” बाई म्हणाल्या. “और?”

यादी हातात घेऊन मी घंटा होईपर्यंत दाराशी उभा होतो. रज्जी बोलत होती, आणि बाई ऐकत होत्या.